रक्ताची पिशवी संपल्यानंतरचे बारा तास : एका अतिदक्षता विभागातील रक्तसेवेविषयी अभिप्राय

माझी थोरली बहीण एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अकरा दिवस होती. त्या मुक्कामात तिला रक्त देण्याचे काम कसे झाले, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण येथे जी उणीव मी सांगणार आहे ती त्या एकाच ठिकाणची आहे असे मला वाटत नाही. मी सत्तावीस वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. पिशवी खिडकीतून बाहेर देईपर्यंतची बाजू मला पाठ आहे; पिशवी खाटेपाशी पोहोचल्यानंतर काय घडते, हे मात्र या अकरा दिवसांत पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले.

आधी माझे मत सांगते आणि मग कारणे देते. सिस्टरांचे काम पहिल्या प्रतीचे आहे. डॉक्टर अभ्यासू आहेत, रात्री दोन वाजताही धावत येतात आणि नातेवाइकांशी नीट बोलतात. परंतु रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली की त्यांच्या मनात जी कारणे येतात, त्यांत नुकतेच दिलेले रक्त फार उशिरा येते. ज्ञान नाही असे नाही. विचारले तर ते रक्तसंक्रमणाचे सगळे अपाय क्रमाने सांगतात. मॉनिटरवरचा आकडा घसरत असताना ते आठवत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच पण गंभीर आहे.

ताईचे वय एकाहत्तर, वजन चव्वेचाळीस किलो. आतड्याला छिद्र पडून पोटात पू झाला होता, रातोरात शस्त्रक्रिया झाली आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यामुळे तिला व्हेंटिलेटरवर ठेवले होते. हृदयाचा जुना किरकोळ त्रास होता, मूत्रपिंडेही थोडी मंदावली होती. हे सगळे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडले त्याची पूर्वसूचना या दोन-तीन ओळींतच होती.

पहिली पिशवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या भेटीच्या वेळेस लागली, त्यामुळे ती लावताना मला समोरून पाहता आली. दोन सिस्टर खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एकीने मनगटावरच्या पट्टीवरून नाव आणि नोंदणी क्रमांक वाचला, दुसरीने पिशवीवरच्या चिठ्ठीवरून. पिशवीचा क्रमांक त्यांनी एकदम वाचला नाही, एकेक अंक सुटा वाचला आणि प्रत्येक अंकावर समोरचीने पेनाची टोपी टेकवली. रक्तगट, मुदतीची तारीख, क्रॉसमॅचची (दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, या तपासणीची) नोंद पाहून झाल्यावर मोठ्या सिस्टरने पिशवी दिव्याकडे धरून रंग बदलला आहे का, गुठळी आहे का, हे पाहिले. नळी गाळणीची होती आणि त्या मार्गाने सलाइनशिवाय दुसरे काहीही जात नव्हते. मग ताप, नाडी, रक्तदाब लिहून, थेंबांचा वेग अगदी कमी ठेवून ती सिस्टर पंधरा मिनिटे खाटेपासून हलली नाही. बाहेरून कोणी हाक मारली तेव्हा तिने मान न वळवता, “माझं रक्त लागलंय, येते मी,” एवढेच उत्तर दिले.

हे मी इतके बारकाईने लिहिते, कारण रक्तगट जुळत नसलेले रक्त जाण्याचा धोका प्रयोगशाळेतल्या चुकीपेक्षा नावाच्या चुकीतून अधिक उद्भवतो : नमुना भलत्याच रुग्णाचा, पिशवी शेजारच्या खाटेची. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिले, त्यानंतर तपासणीच्या पद्धती कितीतरी सुधारल्या, तरी शेवटची खात्री आजही खाटेपाशी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या डोळ्यांवरच असते. त्या डोळ्यांना मी पूर्ण गुण देते.

संमतीपत्राच्या वेळी मात्र पहिली शंका आली. सही घेणाऱ्या तरुण डॉक्टरांनी भाच्याला सांगितले की रक्तातून एचआयव्ही किंवा कावीळ होण्याचा धोका अगदी थोडा असतो, सर्व तपासण्या झालेल्या असतात, काळजी करू नका. यात चुकीचे काही नाही. परंतु तपासण्या कडक झाल्यापासून हे संसर्ग दुर्मिळ झाले आहेत आणि अतिदक्षता विभागात ज्यांचा खरोखर सामना करावा लागतो ते अपाय निराळे आहेत : फुप्फुसात पाणी होणे, अ‍ॅलर्जी, ताप, रक्तपेशी फुटणे, मोठ्या प्रमाणात रक्त दिल्यास कॅल्शियम घटणे, पोटॅशियम वाढणे आणि शरीर थंड पडणे. यांतला एकही शब्द उच्चारला गेला नाही. जे नातेवाइकांना सांगायचे सुचत नाही, ते ऐन वेळी स्वतःला तरी सुचेल का, असे तेव्हा वाटून गेले.

चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन ७.८ आले. रक्तस्राव कुठे दिसत नव्हता. गंभीर रुग्णांना रक्त केव्हा द्यावे याविषयी कॅनडातील अतिदक्षता विभागांतील ८३८ रुग्णांवरचा प्रसिद्ध अभ्यास १९९९ मध्ये आला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या रुग्णांची स्थिती, ते १० च्या खाली जाताच रक्त दिलेल्या रुग्णांपेक्षा वाईट राहिली नाही, असे त्यात दिसले. हृदयाचा आजार असेल तर मर्यादा थोडी वर धरतात, म्हणून ताईला रक्त देण्याच्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. पण पिशव्या दोन मागवल्या गेल्या, आणि त्या एकापाठोपाठ दिल्या गेल्या. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढते. पहिली देऊन थांबावे, पुन्हा तपासावे आणि मग दुसरीचे ठरवावे, हा साधा नियम रक्तपेढीतून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. त्या दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी पहिली पिशवी सुरू झाली आणि सव्वातीनला दुसरी संपली. चव्वेचाळीस किलोच्या, मंद मूत्रपिंडांच्या आणि आधीच तीन लिटर पाणी अंगात साठलेल्या रुग्णाला तीन तासांत दोन पिशव्या.

पाच वाजता आम्ही आत गेलो तेव्हा खाटेभोवती गडबड होती. व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन सकाळी ४० टक्के होता, तो ८० वर नेला होता आणि तरीही रक्तातील ऑक्सिजनचे सॅच्युरेशन ८९ टक्केच दाखवत होते. रक्तदाब १७८ वर ९६. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की छातीत नवीन न्यूमोनिया झालेला दिसतो, एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या आहेत, अँटिबायोटिक बदलतो आहोत, जंतू शोधण्यासाठी कल्चर पाठवले आहे. त्यांचा विचार तर्काला सोडून नव्हता. पोटातल्या पुवामुळे अत्यवस्थ असलेल्या रुग्णाचा श्वास बिघडला तर कोणीही प्रथम संसर्गाकडे बोट दाखवील. अतिदक्षता विभागात प्रत्येक बिघाडाला आधीपासूनच एक तयार कारण हजर असते, आणि रक्तातून झालेला अपाय त्या कारणाच्या आड सहज लपतो.

मी एवढेच विचारले, “डॉक्टर, रक्ताची दुसरी पिशवी किती वाजता संपली?”

ते थांबले. तक्ता उघडला, बोटाने वेळेचा रकाना शोधला आणि क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग सिस्टरना लघवीचे इंजेक्शन तयार ठेवायला सांगून त्यांनी स्वतः वरिष्ठांना फोन लावला. त्यांचा मोठेपणा असा की एका नातेवाईक बाईने विचारले म्हणून त्यांना राग आला नाही, आणि नंतर त्यांनीच येऊन सांगितले, “तुम्ही विचारलंत ते बरं झालं. मी त्या दिशेने पाहतच नव्हतो.” अर्ध्या तासात हृदयाची सोनोग्राफी झाली, इंजेक्शन दिले गेले, रात्रीपर्यंत दीड लिटरहून अधिक लघवी झाली आणि सकाळी ऑक्सिजन ४५ टक्क्यांवर आला होता. निदान झाले ते रक्तसंक्रमणामुळे रक्ताभिसरणावर आलेल्या अतिभाराचे, ज्याला वैद्यकीय भाषेत टॅको म्हणतात.

रक्त दिल्यानंतर फुप्फुसात पाणी होते ते मुख्यतः दोन प्रकारांनी, आणि दोन्ही वरवर सारखेच दिसतात. टॅकोमध्ये शरीराला पेलवेल त्यापेक्षा जास्त किंवा जास्त वेगाने द्रव जातो. रक्तदाब बहुधा चढतो, हृदयावरचा ताण दाखवणारी बीएनपी ही तपासणी वाढलेली येते आणि लघवीच्या औषधाने आराम पडतो. २०१८ मध्ये सुधारलेल्या व्याख्येनुसार तो रक्त दिल्यानंतर बारा तासांपर्यंत दिसू शकतो. दुसरा प्रकार ट्राली. यात बहुतेक वेळा रक्तदात्याच्या प्लाझ्मातील, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातील, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना चिथावतात आणि फुप्फुसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागतात. तो सहा तासांच्या आत येतो, रक्तदाब अनेकदा पडतो, ताप येऊ शकतो, आणि लघवीचे औषध येथे कामाचे तर नाहीच, उलट रक्तदाब आणखी पाडून घात करू शकते. ट्रालीची सर्वमान्य व्याख्या २००४ मध्ये ठरली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली, ती मुख्यतः अशाच रुग्णांच्या गुंतागुंतीमुळे : ज्यांची फुप्फुसे आधीच आजारी आहेत, त्यांच्यात नवा अपाय वेगळा कसा ओळखायचा? दोन्ही प्रकार एकाच रुग्णात एकत्रही येतात. म्हणजे नुसते “रक्तामुळे झाले” एवढे आठवूनही भागत नाही. पण ते आठवल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न विचारला जात नाही.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून ‘शॉट’ नावाची यंत्रणा रक्तसंक्रमणातून झालेल्या अपायांच्या नोंदी गोळा करते. तिच्या अलीकडच्या अनेक वर्षांच्या अहवालांत रक्तसंक्रमणाशी निगडित मृत्यूंच्या कारणांत टॅको अग्रभागी राहिला आहे. तेव्हा हा पुस्तकाच्या तळटिपेतला आजार नव्हे. वय, कमी वजन, हृदय, मूत्रपिंड, साठलेले पाणी, या पाच गोष्टी पिशवी मागवतानाच डोळ्यांसमोर आणल्या असत्या, तर ताईला पाहून कोणत्याही डॉक्टरांनी वेग कमी ठेवला असता.

आता माझी सर्वांत मोठी तक्रार. उपचार अचूक झाले, पण रक्तपेढीला कोणी कळवले नाही. रिकामी पिशवी नळीसह जपून ठेवून ती नव्या रक्तनमुन्यांबरोबर रक्तपेढीकडे पाठवायची असते. ती सव्वातीनलाच जैविक कचऱ्यात गेली होती. रिअ‍ॅक्शनचा छापील अर्ज सिस्टरांच्या टेबलाच्या खणात होता, तो मी तिसऱ्यांदा विचारल्यावर दोन दिवसांनी भरला गेला, आणि त्यातही “लक्षणे सुरू होण्याची वेळ” हा रकाना कोरा होता. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला समजुतीच्या स्वरात सांगितले, “अहो मॅडम, पेशंट सुधारला ना? आता कागद भरून काय होणार?”

रक्तपेढीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य फार लागते. एका दात्याच्या एका रक्तदानातून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक निघतात आणि ते वेगवेगळ्या रुग्णांना जातात. समजा तो टॅको नसून ट्राली असता, तर त्याच दात्याचा प्लाझ्मा आमच्या फ्रीझरमध्ये दुसऱ्या कोणासाठी तयार असता. समजा प्लेटलेटच्या पिशवीत जंतू वाढले असते, तर त्याच रक्तदानाचे इतर घटक ताबडतोब बाजूला काढावे लागले असते. प्लेटलेट २० ते २४ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, त्यामुळे त्यांत हा धोका अधिक असतो. खाटेपाशी दिसलेले लक्षण आम्हाला फोनवरून कळले तरच आम्ही ती दुसरी पिशवी अडवू शकतो. दुसरा कोणताही मार्ग आमच्याकडे नसतो. ब्रिटनने २००३ च्या अखेरीस प्लाझ्मा शक्यतो पुरुष दात्यांचाच वापरायचे ठरवले, कारण गर्भारपणात स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. त्यानंतर तेथे ट्रालीचे प्रमाण घटले. ते धोरण कुठल्या तरी वॉर्डातल्या कोणी तरी भरलेल्या अशाच अर्जांमधून उभे राहिले. रुग्ण सुधारल्यावर भरलेला कागद पुढच्या रुग्णासाठी असतो, हे त्या ज्येष्ठ डॉक्टरांना मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, वाद घातला नाही.

सहाव्या रात्री एका निवासी डॉक्टरांशी थोडे बोलणे झाले. पंचविशीचा मुलगा, कामाने दमलेला, पण जिज्ञासू. चुकीच्या गटाचे रक्त गेले तर काय दिसेल, असे मी विचारल्यावर त्याने पटापट सांगितले : थंडी वाजते, ताप येतो, कंबर दुखते, जीव घाबरा होतो. मी म्हटले, “बाळा, ताई झोपेच्या औषधावर आहे. ती यांतलं काय सांगणार?” तो खाटेकडे पाहत राहिला. मग त्याची नजर खाली लोंबणाऱ्या लघवीच्या पिशवीवर गेली आणि तो हळूच म्हणाला, “लघवी लाल होईल.” अगदी बरोबर. शिवाय कारण नसताना रक्तदाब पडेल आणि जखमेतून, सुईच्या जागेतून रक्त झिरपू लागेल. शुद्धीत असलेल्या रुग्णावरून लिहिलेली लक्षणे बेशुद्ध रुग्णाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, आणि अतिदक्षता विभागातील निम्मे रुग्ण तरी स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत नसतात. तो मुलगा हे कधीच विसरणार नाही, अशी मला खात्री वाटते. मात्र हे त्याला भेटीला आलेल्या बाईकडून नव्हे, तर त्याच्या वरिष्ठांकडून रोजच्या राउंडमध्ये ऐकायला मिळायला हवे होते.

आठव्या दिवशी पुन्हा रक्ताची गरज पडली तेव्हा दुसऱ्या इंटेन्सिव्हिस्ट (अतिदक्षता उपचारांच्या तज्ज्ञ) मॅडम ड्यूटीवर होत्या. त्यांनी आधी चोवीस तासांचा पाण्याचा हिशेब मागितला, एकच पिशवी मागवली, लघवीचे इंजेक्शन आधी दिले आणि साडेतीन तासांत पिशवी पूर्ण केली. शीतपेटीतून बाहेर काढल्यापासून चार तासांत रक्त संपवावे लागते, ती मर्यादा त्यांनी सांभाळली आणि वेगही सांभाळला. पिशवी संपल्याची वेळ त्यांनी तक्त्यावर लाल पेनाने मोठी लिहून ठेवली. संध्याकाळी कामाची पाळी बदलताना पुढच्या डॉक्टरांना त्यांनी जे पहिले वाक्य सांगितले ते मी काचेपलीकडून ऐकले : “बेड चारला दोन पन्नासला रक्त संपलंय, पहाटे तीनपर्यंत श्वास बिघडला तर आधी तेच धरा.” माझ्या दृष्टीने संपूर्ण मुक्कामातली ही सर्वोत्तम सेवा होती. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही.

याच मॅडमनी दुसऱ्या दिवशी गळ्यातील नळीच्या छोट्या शस्त्रक्रियेपूर्वी लिहून ठेवलेला प्लाझ्मा रद्द केला. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आयएनआर १.५ आला होता. एवढ्या किंचित वाढीसाठी प्लाझ्मा देऊन फारसे काही साधत नाही आणि ट्राली-टॅकोचा धोका मात्र पदरात पडतो, असे त्यांनी भाच्याला चार वाक्यांत समजावले. शस्त्रक्रिया सुरळीत झाली.

एकूण गुण द्यायचे तर सिस्टरांना पाचपैकी पाच, उपचारांच्या तत्परतेला चार, अपाय वेळीच ओळखण्याला दोन आणि रक्तपेढीला कळवण्याच्या शिस्तीला एक. एकाच विभागात, एकाच आठवड्यात, एकाच रुग्णाच्या बाबतीत दोन डॉक्टरांमध्ये इतका फरक पडत असेल, तर रक्त देण्याची पद्धत विभागाची राहत नाही, ती त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे त्याची होते. ताई घरी आली आहे, अजून अशक्त आहे, पण स्वतःच्या पायांनी चालते. गरज पडल्यास मी तिला पुन्हा याच विभागात नेईन.

बाहेर पडताना मी तीन गोष्टी लेखी दिल्या : रिकामी पिशवी चोवीस तास खाटेच्या नावाने जपून ठेवावी, पाळी बदलताना पिशवी संपल्याची वेळ सांगणे सक्तीचे करावे, आणि रिअ‍ॅक्शनचा अर्ज खणात न ठेवता तक्त्यालाच जोडावा. विभागप्रमुखांनी पंधरा दिवसांनी फोन करून दुसरी आणि तिसरी सूचना अमलात आणल्याचे कळवले. पिशव्या जपून ठेवायला शीतपेटीत जागा नाही, असे ते म्हणाले. रक्तपेढीच्या शीतपेटीत एक कप्पा त्यासाठी मोकळा करता येतो, आमच्याकडे आम्ही तो केला होता, हे मी त्यांना सांगितले आहे आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहते आहे.